हस्तांदोलन

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवीन काय काय शिकायला घेऊ नये, याची एक यादी आमच्या सौभाग्यवतींनी मनोमन करून ठेवली आहे. पोहणे, मोटारसायकल आणि पेटी ही त्या यादीतली तीन नावे मला पक्की ठाऊक आहेत. कारण या तिन्हींचा प्रयोग मी एकेकदा करून पाहिला आहे, आणि त्यांपैकी दोन वेळा घरात हळद उगाळावी लागली आहे. पेटीच्या वेळी हळदीची गरज पडली नाही. शेजाऱ्यांनी घर बदलले, एवढेच. गेल्या वर्षी जून महिन्यात या यादीत चौथे नाव दाखल झाले : टेबल टेनिस.

या बाबतीत माझा मात्र काही दोष नव्हता. मी एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. आमचे वडील दहावीला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. त्या हिशेबाने मी मॅट्रिक झालेला. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि या शाळेला चिकटलो, त्याला आता अठरा वर्षे झाली. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. माझ्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत, म्हणजे प्रकाशित आहेत. अशा माणसाचा आणि खेळाचा संबंध यावा कसा? पण आमचे क्रीडाशिक्षक मे महिन्यात संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेले, आणि नेमके त्याच महिन्यात शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने टेबल टेनिसचे एक वापरलेले टेबल शाळेला भेट दिले. टेबल आले आणि मास्तर गेले! मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. "जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ पाठवायचाय. तुम्ही बघा. तुमचा हात चांगला आहे," ते म्हणाले.

माझा हात चांगला आहे ही गोष्ट अठरा वर्षांत त्यांनी प्रथमच बोलून दाखवली, आणि तीही अशा कामासाठी की ज्यात तो पुरता उघडा पडावा.

मास्तराला एखादी गोष्ट येत नसली की तो तिच्याविषयीची माहिती गोळा करतो. मीही केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या सुखवस्तू मंडळींनी रात्रीच्या जेवणानंतर दिवाणखान्यातल्या टेबलावर हा खेळ सुरू केला; त्याला पिंगपाँगही म्हणत; १९२६ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना झाली; १९८८ साली सोल येथे तो ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. १९५२ साली तर जागतिक अजिंक्यपदाचे सामने खुद्द आपल्या मुंबईत झाले होते. त्या सामन्यांत हिरोजी सातो नावाचा एक जपानी खेळाडू स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तोवर साऱ्यांच्या बॅटींवर नुसते खडबडीत रबर असे आणि चेंडू लागला की टक्क असा आवाज येई. प्रतिस्पर्धी डोळ्यांइतकाच कानांनीही खेळत. सातोची बॅट मुकी! कान लावून बसलेले भलेभले हरले आणि सातो जगज्जेता झाला. ही गोष्ट मी मुलींना इतक्या रंगात येऊन सांगितली की त्यांना वाटले, सरांना सगळे येते.

माहिती मिळाली, चेंडू मात्र मिळेना. मी बॅट फिरवी तेव्हा तो पलीकडे गेलेला असे, आणि मी वाट पाही तेव्हा तो कपाळावर येऊन आदळे. म्हणून मी ठरवले की मुलींना शिकवण्याआधी आपण एकट्याने सराव करायचा. त्या टेबलाचा अर्धा भाग उभा करता येत असे. शाळा सुटल्यावर मी सभागृहाचे दार ओढून घेई आणि त्या उभ्या फळीवर चेंडू मारत बसे. चार दिवसांत माझी प्रगती एवढीच झाली की चेंडू कोणत्या बाकाखाली जाईल याचा अंदाज मला आधीच येऊ लागला.

पाचव्या दिवशी मी असाच बाकाखाली ओणवा झालो असताना पाठीमागून आवाज आला, "सर, मनगट नको. कंबर."

मागे पाहिले तो केरसुणी घेऊन मामा उभे.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. शाळेतल्या शिपायाला मामा म्हणण्याचा आपल्याकडे रिवाजच आहे. माझ्या मनात नेहमी येते, की 'मामा' हा शब्द मोठा लबाड आहे. घरी आपण सख्ख्या मामाला 'अरे मामा, तू ये ना' म्हणतो. तिथल्या त्या 'तू'मध्ये सुटीतले आंबे असतात, खांद्यावर बसून पाहिलेली जत्रा असते. शाळेतही आम्ही शिक्षक म्हणतो, 'मामा, पाणी आण', 'मामा, ही नोटीस फिरव'. शब्द तोच, 'तू'ही तोच. फक्त आतला आंबा तेवढा काढून घेतलेला. मामा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागलो तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि ते अडतिशीला टेकलेले होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना 'तू' म्हटले. सगळेच म्हणत होते.

"तुला रे काय ठाऊक?" मी चेंडू शोधता शोधता विचारले.

मामांनी केरसुणी भिंतीशी नीट उभी केली. खेळातले काही बोलण्याआधी ते माझ्या कपाटाकडे गेले आणि वर्गातली तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन आले. ती टेबलावर उभी धरून त्यांनी तिच्या टोकाशी चेंडू नेला आणि सोडला. चेंडू उसळून कुठवर येतो ते डोळे बारीक करून पाहिले. मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या जागी. "तीसवरून सोडला तर तेवीसपर्यंत यायला हवा, सर. हा कोपरा मेलाय. पाण्यात भिजलेला दिसतोय. मुलींना त्या बाजूला फार वेळ ठेवू नका." मग त्यांनी पट्टी जाळीला लावली. जाळी सव्वापंधरा सेंटिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने सहा इंच उंच असावी लागते. आमची एका बाजूने लोंबत होती. दोन मिनिटांत त्यांनी ती ताठ केली. मी पुस्तकात वाचलेली सगळी मापे त्यांच्या बोटांत होती.

"बॅट धरा बघू," ते म्हणाले.

मी धरली. मामा हसले, अठरा वर्षांत मी त्यांना असे मोकळे हसताना पाहिले नव्हते. मी बॅट कुंचल्यासारखी धरली होती, अंगठा आणि पहिले बोट मुठीभोवती आवळून, पाते खाली लोंबत. "ही लेखणीची पकड, सर. चिनी-जपानी लोक धरायचे तशी. वाईट नाही, पण या वयात तुम्हाला नाही झेपायची. तुम्ही शेकहँड धरा."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे शेकहँड," असे म्हणून मामांनी उजवा हात पुढे केला.

मी क्षणभर घोटाळलो. त्या हातून मी किती पाण्याचे पेले घेतले असतील, किती चहाचे कप, किती नोटिशींच्या वह्या! पण तो हात हातात कधी घेतला नव्हता. मी घेतला. तळवा केरसुणीने घट्टे पडलेला, पण पकड मात्र अगदी हलकी, पाखरू धरावे तशी. "बस्स, एवढंच. आता माझा हात काढून घेतो, तिथे बॅट आली असं समजा. तीन बोटं मुठीवर, पहिलं बोट पात्याच्या कडेला आडवं, अंगठा अलीकडे. आवळायची नाही. आवळली की चेंडूला कळतं."

अशा रीतीने माझे शिक्षण सुरू झाले. वेळ ठरली सकाळी सहाची, शाळा भरण्यापूर्वी. मामांनी एक अट घातली : उशीर चालणार नाही. मी अठरा वर्षांत त्यांच्या घंटेला अनेकदा उशिरा पोचलो होतो. ते त्यांना माहीत होते.

पहिले दहा दिवस त्यांनी मला चेंडूच दिला नाही. नुसते उभे राहायला शिकवले. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, डावा पाय किंचित पुढे, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. "टाच टेकवून उभा राहिला तो पाहुणा," मामा म्हणत. मग फोरहँड ड्राइव्ह. कंबर उजवीकडे वळवायची, भार उजव्या पायावर घ्यायचा. हात फार मागे न्यायचा नाही. बॅटचे तोंड जरा खाली झुकलेले ठेवायचे. आणि चेंडू उसळून ऐन वर आला की कंबर सोडायची. हात कंबरेच्या मागोमाग आपोआप येतो, चेंडूला पुढे नि वर असा घासून जातो आणि थेट कपाळासमोर येऊन थांबतो.

"शेवटी सलाम," मामा म्हणाले. "हात कपाळापाशी आला नाही तर फटका अर्धाच राहिला."

मी सलाम करू लागलो. रोज सकाळी दीडशे-दोनशे सलाम. समोर मामा कमरेवर हात ठेवून उभे. एरवी सकाळी फाटकातून आत शिरताना त्यांचा हात कपाळाला जाई आणि मी मान हलवून पुढे होई. आता मोबदला चालला होता. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे. माझ्या मात्र आली होती.

घरी माझा सराव कपाटाच्या आरशासमोर चाले. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी विचारले, "माशा मारताय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच माशा मारायची जाळी माझ्या हातात दिली, म्हणजे व्यायाम फुकट जाऊ नये. एकदा पोचा आलेला चेंडू गरम पाण्यात टाकला की आतली हवा फुगून तो पुन्हा गोल होतो, हे मामांनी सांगितले होते. मी तो प्रयोग करायला चहाच्या आधणाचे भांडे निवडले. पाहुण्यांना चहा गाळताना गाळणीत काय आले, ते इथे सांगत नाही. यादीतले चौथे नाव त्या दिवशी ठळक अक्षरांत लिहिले गेले.

मग चेंडू आला, बॅकहँड आला. "पत्ते वाटता ना, तसा," मामा म्हणत. कोपर अंगापासून थोडे पुढे, हात पोटासमोरून बाहेर उघडायचा, पत्ता समोरच्यापुढे सरकवावा तसा. मग पुश. हा पुश मला फार आवडला, कारण त्यात जोर नाही. बॅटचे तोंड आभाळाकडे थोडे उघडायचे आणि चेंडूच्या पोटाखालून अलगद सरकवायची. चेंडू उलटा फिरत जातो. पलीकडच्याने तो बेफिकिरीने सरळ मारला तर थेट जाळीत. ड्राइव्हचा चेंडू पुढे फिरतो, म्हणून जोरात जाऊनही टेबलावर उतरतो. पुशचा चेंडू मागे फिरतो, म्हणून हळू जाऊनही फसवतो. जन्मभर चित्रकला शिकवून मला रेषेची दिशा दिसते. पण गोल वस्तूच्या पोटात दिशा दडलेली असते, हे तोवर ठाऊक नव्हते.

हळूहळू मामा बोलू लागले. त्यांचे वडील मुंबईला गिरणीत. मामा बाराव्या वर्षी एका जिमखान्यात चेंडू वेचायला लागले. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. त्या संपाने किती घरे उठवली ते आपण जाणतोच. वडील गावी परतले, पण हा पोरगा आत्याकडे राहून आणखी तीन वर्षे जिमखान्यात टिकला. कुणा सभासदाचा जोडीदार आला नाही की याला समोर उभे करत. "आमच्या वेळी एकवीसचा गेम असायचा, सर. आता अकराचा झाला. तेव्हा चेंडूही लहान. अडतीस मिलिमीटरचा. आता चाळीसचा." पुढे पुढे सभासद त्यांना हरेनात, म्हणजे तेच सभासदांना हरवू लागले. स्पर्धेत नाव देता येत नव्हते. स्पर्धा सभासदांची होती. मग वडील आजारी पडले, मामा गावी आले, आणि आमच्या शाळेच्या घंटेची दोरी त्यांच्या हाती आली ती आजवर.

"इतकी वर्षं बोलला नाहीस ते?" मी विचारले.

"टेबल कुठे होतं?" मामा म्हणाले.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की ही एका वयस्क विद्यार्थ्याची नि त्याच्या गुरूची गमतीदार गोष्ट आहे. मलाही ती तेवढीच असती तर बरे वाटले असते. पण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. सकाळी सहाला त्या टेबलाच्या दोन टोकांना आम्ही उभे राहत असू, तेव्हा आमच्यामध्ये जाळीखेरीज आणखी काहीतरी असे.

नऊ वर्षांपूर्वी, असाच पावसाळा होता. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची फी मी मुलांकडून गोळा केली होती. ते पैशांचे पाकीट एके दिवशी सापडेना. मी टेबल पालथे घातले, कपाट पालथे घातले. मग मुख्याध्यापकांकडे गेलो. तेव्हाचे मुख्याध्यापक वेगळे होते. त्यांनी विचारले, "खोलीत कोण आलं होतं?" मी म्हणालो, "झाडायला मामा आला होता." बस्स, एवढेच. मी कुणावर आळ घेतला नाही, असे मी पुढे किती वर्षे स्वतःला सांगत होतो! मामांना शिक्षकांच्या खोलीत बोलावले गेले आणि सगळ्यांदेखत खिसे उलटे करायला सांगितले गेले. मी खिडकीशी उभा होतो. पाकीट अर्थातच निघाले नाही.

ते निघाले तिसऱ्या दिवशी, माझ्याच घरी, माझ्याच कादंबरीच्या हस्तलिखितात. त्या कादंबरीत एका गरीब माणसावर खोटा आळ येतो. तो प्रसंग लिहिताना माझे मलाच रडू आले होते. त्याच पानांत खूण म्हणून मी ते पाकीट घातले होते.

मी मुख्याध्यापकांना हळूच सांगितले, "सापडलं." ते म्हणाले, "बरं झालं." मामांना सांगायचे राहिले. उद्या सांगू, परवा सांगू, दिवाळीच्या आधी सांगू, असे करता करता नऊ दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला मामा पोस्त मागायला येत, तेव्हा मी इतरांपेक्षा जास्त देई. माझा विवेक तेवढ्यावर वर्षभर झोपे.

ऑगस्ट उजाडला. मामांनी नवा नियम काढला : फोरहँड ड्राइव्हची शंभरची माळ. चेंडू न पडता शंभर वेळा इकडून तिकडे जायला हवा, मोजणी मोठ्याने करायची, आणि पडला की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी मी एकोणीसवर पडलो. आठ दिवसांनी त्रेचाळीस. एकदा अठ्ठ्याऐंशीवर असताना सभागृहात चिमणी शिरली. माळ ओवताना डोक्यात काही असून चालत नाही. आणि डोके रिकामे झाले की तळाशी बसलेले काय असेल ते वर येते.

एके सकाळी बाहेर पावसाची झड लागली होती. मामा मोजत होते. पासष्ट. सहासष्ट. हात आपोआप कपाळापाशी येत होता. एकाहत्तरला माझ्या तोंडून निघून गेले, "मामा, ते पाकीट माझ्याच घरी होतं."

चेंडू पलीकडे गेला. मला वाटले, परत यायचा नाही. पण तो आला, होता तितक्याच वेगाने, माझ्या उजव्या हाताला, जिथे यायला हवा होता तिथेच.

"बहात्तर," मामा म्हणाले.

"मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"त्र्याहत्तर. कंबर, सर."

"मी नाव घ्यायला नको होतं तुमचं. चुकलो मी."

"चौऱ्याहत्तर."

पुढची मोजणी मीही करू लागलो. आवाज नीट फुटत नव्हता, पण आकडे चुकत नव्हते. नव्याण्णव झाले, शंभर झाले. मामांनी चेंडू डाव्या मुठीत धरला आणि टेबलाच्या कडेला टेकले. बराच वेळ फक्त पाऊस ऐकू येत होता.

"पाकीट सापडल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं, सर," ते म्हणाले. "कारकुनांनी सांगितलं. पैशाचं मनात काही राहिलं नाही. गरिबावर आळ येतोच. पण माझ्या खिशातून काय निघालं होतं, आठवतं का तुम्हाला?"

मला आठवत नव्हते. खरे सांगायचे तर, मी खिडकीबाहेर पाहत होतो, अशी माझी समजूत होती.

मामांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमालाची एक लहान गाठोडी काढली. गाठ सोडली. आत एक चेंडू होता; जुना, पिवळट पडलेला, शिवणीशी तडकलेला. "जिमखाना सोडला त्या दिवशीचा आहे. खिशात असायचा. तो निघाला त्या दिवशी. कुणीतरी म्हणालं, 'मामा, पोरांचा चेंडू चोरलास होय?' आणि सगळे हसले." ते थोडे थांबले. "तुम्हीही हसलात, सर."

मग मला आठवले. मी हसलो होतो. पाकीट निघाले नाही म्हणून सुटल्यासारखे वाटून हसलो होतो, चारचौघांबरोबर हसलो होतो. हसलो होतो एवढे खरे.

त्यांनी तो चेंडू माझ्या हातात दिला. तडीतून कापराचा मंद वास येत होता. हे जुने चेंडू सेल्युलॉइडचे असत, आणि सेल्युलॉइड करताना त्यात कापूर घालतात. २०१४ नंतर मोठ्या सामन्यांतून ते गेले आणि प्लॅस्टिकचे आले. देवघरात असावा तसा तो वास त्या पावसाळी सकाळी माझ्या ओंजळीत होता. काय बोलावे ते मला सुचेना. चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला एक वाक्य सुचू नये! मी म्हणालो, "हो मामा. हसलो होतो."

त्यांनी मान हलवली. माफ केले असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही मागितले नाही. चेंडू पुन्हा रुमालात गेला, रुमाल खिशात गेला. "उद्या बॅकहँडची माळ," ते म्हणाले, आणि केरसुणी घेऊन सभागृह झाडू लागले. पावणेसात वाजले होते. घंटेला वेळ होत आला होता. मी दुसरी केरसुणी शोधली. ती कुठे असते ते मला अठरा वर्षांत माहीत नव्हते. तेही त्यांनाच विचारावे लागले.

जिल्ह्याच्या स्पर्धेचा अर्ज भरताना त्यात मार्गदर्शकाचे नाव लिहायची एक ओळ होती. मी तिथे मामांचे नाव लिहिले. आडनावासकट पूर्ण नाव, जे मला हजेरीपत्रकातून पाहून घ्यावे लागले. कारकून म्हणाले, "हे शिक्षक नाहीत." मी म्हणालो, "मी इथे चित्रकला शिकवतो, म्हणून मी शिक्षक. यांनी मला आणि पाच मुलींना टेबल टेनिस शिकवलं. मग हे कोण?" अर्ज मुख्याध्यापकांपुढे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून एस.टी.त मुलींबरोबर बसले. दुसऱ्या फेरीत आमचा संघ हरला. शहरातल्या शाळांच्या मुली लहानपणापासून खेळतात, आमच्या तीन महिन्यांच्या. पण आमच्या एका मुलीने आपला सामना तिसऱ्या गेममध्ये ११–९ असा जिंकला. त्याआधीचा गेम ती हरली होती. दोन गेमांमध्ये एका मिनिटाची विश्रांती असते. इतर संघांचे मार्गदर्शक त्या मिनिटात हातवारे करून व्याख्यान देत होते. मामांनी तिला पाणी दिले. पाण्याचा पेला पुढे करण्यात त्यांचा हात धरणारा त्या सभागृहात कुणी नव्हता. ती पाणी प्याली आणि मग ते एवढेच म्हणाले, "पुश कर. घाई तिला होऊ दे."

गेल्या दिवाळीला मामा पोस्त मागायला आले नाहीत. पाडव्याच्या सकाळी मी मुलाबाळांसह त्यांच्या घरी गेलो. फराळाचा डबा सौभाग्यवतींनी भरला होता. यादीतल्या चौथ्या नावावर त्यांनी काट मारली होती, हे मला त्या डब्यातल्या अनारशांवरून कळले. मामींनी पाट मांडले, चकल्या पुढे केल्या. मामा नातवाला म्हणाले, "सरांच्या पाया पड." मी पोराला अर्ध्या वाटेतच उचलून घेतले. मग काय करावे ते आम्हां दोघांनाही समजेना. नमस्कार करायचा, तर कुणी कुणाला? शेवटी मामांनी उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला. त्यांनी तो लगेच सोडला नाही. डोळे बारीक करून, पट्टीपाशी चेंडू पाहत होते तसे, आमच्या हातांकडे पाहत राहिले.

"पकड सुधारलीय, सर," ते म्हणाले. "अंगठा मात्र अजून वर चढतो."